एरियलचे कपडे कोण ठरवते?

जुलै २०१९ मध्ये डिस्नेने आपल्या गाजलेल्या मत्स्यकन्येच्या, म्हणजे ‘द लिटिल मरमेड’मधील एरियलच्या, नव्या चित्रपटासाठी हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेची निवड जाहीर केली. तेव्हापासून मे २०२३ मध्ये तो चित्रपट पडद्यावर येईपर्यंत, आणि त्यानंतरही, एका रेखाटलेल्या मुलीच्या केसांचा रंग, तिच्या शेपटीची छटा, तिचा गुलाबी झगा आणि तिचा स्वभाव यांवर जगभरातील प्रौढ माणसे अत्यंत गंभीरपणे वाद घालताना दिसली. ज्यांनी १९८९ सालचा मूळ ॲनिमेशनपट लहानपणी एकदाच पाहिला आहे, किंवा मुलीच्या हट्टापायी अर्धवट पाहिला आहे, त्यांना हा सगळा प्रकार चमत्कारिक वाटणे साहजिक आहे.

वरवर पाहता हे दोन वेगळे वाद आहेत. पहिला स्वभावाचा: एरियल धाडसी व जिज्ञासू आहे, की एका देखण्या राजपुत्रासाठी घर, बाप आणि आवाज सोडून देणारी अविचारी पोरगी आहे? दुसरा पोशाखांचा: निळा पोशाख सरस की चमचमता, आणि लाल केसांवर गुलाबी झगा चढवण्याची बुद्धी कोणाला झाली? माझे म्हणणे असे की हे दोन्ही वाद मुळात एकच आहेत. चित्रपटाच्या उत्तरार्धातील बराच काळ एरियलला आवाजच नाही, कारण माणसाचे पाय मिळवण्यासाठी तिने तो चेटकिणीला देऊन टाकलेला असतो. त्या काळात तिचा स्वभाव प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो तो तिच्या हालचालींतून, चेहऱ्यावरील भावांतून आणि अंगावरील कपड्यांतून. त्यामुळे कोणता कपडा तिला कधी आणि कोणी दिला, हे नीट पाहिले की स्वभावाच्या वादातील बराचसा गुंता सुटतो.

मूळ गोष्टीतही कपडे आहेत

हान्स क्रिश्चन अँडरसन या डॅनिश लेखकाने ही कथा १८३७ साली प्रसिद्ध केली. तिच्यातील मत्स्यकन्येला नाव नाही. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर समुद्राच्या पृष्ठभागावर जाण्याची परवानगी मिळते, तेव्हा आजी तिला नटवते. डोक्यावर पांढऱ्या कमळांचा मुकुट चढवला जातो, ज्याची एकेक पाकळी म्हणजे अर्धा मोती असतो, आणि राजघराण्याची खूण म्हणून शेपटीला आठ मोठे कालव चिकटवले जातात. ते दुखते म्हणून नात तक्रार करते, तर मानमरातबासाठी थोडे सोसावेच लागते, असे आजी सुनावते. बागेतील साधी लाल फुले आपल्याला अधिक शोभली असती, असे तिला मनातून वाटते, पण बदल करण्याची तिची हिंमत होत नाही.

पुढे समुद्रातील चेटकीण तिची जीभ कापून घेते, तिला पाय मिळतात आणि प्रत्येक पावलागणिक सुऱ्यांवरून चालल्यासारख्या वेदना होतात. राजवाड्यात तिला रेशमाची व मलमलीची वस्त्रे मिळतात. राजपुत्र तिच्यासाठी मुलाचा, म्हणजे राजदरबारातील सेवक-पोराचा, पोशाख शिवून घेतो, जेणेकरून तिला त्याच्याबरोबर घोड्यावरून रानात हिंडता यावे. तो तिच्यावर लोभ करतो, पण लग्न दुसरीशीच करतो. शेवटी त्याला मारून स्वतःचा जीव वाचवण्याची संधी तिला मिळते, ती ती नाकारते, समुद्राचा फेस होते आणि मग वायुरूप आत्म्यांमध्ये सामील होते.

ही कथा मी जरा विस्ताराने सांगितली, कारण ‘डिस्नेने साध्या गोष्टीला फॅशनचे रूप दिले’ असा आक्षेप वारंवार ऐकू येतो. मत्स्यकन्येच्या अंगावर दुसऱ्याने घातलेली वस्त्रे हा विषय अँडरसनच्या कथेतच आहे, आणि तिथे तो चित्रपटातल्यापेक्षा कितीतरी कठोरपणे मांडलेला आहे.

हाताने काढलेल्या चित्रपटात कपडा म्हणजे काय

चित्रपटाच्या पडद्यावर दर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक रेखाटन दोन चित्रांपुरते टिकवले जाते, म्हणजे एका सेकंदासाठी साधारण १२ वेगळी रेखाटने लागतात, आणि वेगवान हालचालीत त्याहून जास्त. कागदावरील प्रत्येक रेखाटन नंतर पारदर्शक पत्र्यावर उतरवून मागच्या बाजूने रंगवले जात असे. या पत्र्याला ‘सेल’ म्हणतात. डिस्नेच्या या पद्धतीने बनलेल्या मोठ्या चित्रपटांपैकी हा शेवटचा. त्यानंतर हे काम संगणकावर गेले, आणि याच चित्रपटातील अखेरच्या निरोपाच्या प्रसंगात त्या नव्या पद्धतीची पहिली चाचणी झाली.

या पद्धतीत कपड्यावरची प्रत्येक रेघ खर्चाची असते. दिवाळीत दारात एक मोठी रांगोळी काढायची असेल तर आपण हौसेने बारीक नक्षी भरतो, पण तीच रांगोळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत शंभर वेळा, दर वेळी किंचित सरकवून काढायला सांगितली, तर दुसऱ्याच वेळी आपण नक्षी गाळून टाकू आणि चार ठसठशीत रेघांत काम भागवू. एरियलच्या शेपटीवर खवले का रेखाटलेले नाहीत, याचे उत्तर यातच आहे. तिचे पोशाखही असेच आहेत: मोठे रंगीत भाग, मोजक्या कडा आणि दुरून ओळखू येणारा आकार. कपड्याचे पोत दाखवता येत नाही, म्हणून सगळा भार रंगावर आणि आकारावर पडतो.

रंगांचा विचार किती बारकाईने झाला होता, याची माहिती त्या काळच्या निर्मितीच्या वृत्तांतांत मिळते. समुद्रतळाचा अंधार, गुहेतील झिरपता उजेड, वादळाची रात्र, किनाऱ्यावरचे ऊन अशा निरनिराळ्या प्रकाशांसाठी एरियलच्या रंगांचे ३२ संच तयार करावे लागले, आणि त्यांत कपड्यांचे बदल धरलेले नाहीत. शेपटीची हिरवट निळी छटा स्टुडिओच्या रंगशाळेत मुद्दाम मिसळून बनवण्यात आली आणि तिला ‘एरियल’ हेच नाव देण्यात आले. केस लाल का, याचीही कारणे ठाऊक आहेत. डिस्नेच्याच एका शाखेच्या १९८४ सालच्या चित्रपटातील मत्स्यकन्येचे केस सोनेरी होते, त्यामुळे ही वेगळी दिसायला हवी होती. लाल आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग असल्यामुळे एकाच्या शेजारी दुसरा अधिक उठून दिसतो. शिवाय अंधाऱ्या प्रसंगात लाल रंग गडद करता येतो, तर पिवळा गडद केला की मळकट दिसतो. पाण्यात केस कसे तरंगतील हे समजून घेण्यासाठी चित्रकारांनी अंतराळवीर सॅली राइड यांच्या यानातील चित्रफिती पाहिल्या होत्या.

लाल केस, हिरवी शेपटी आणि जांभळे शिंपले या तीन रंगांचे हे गणित एकदा लक्षात आले, की प्रत्येक नवा पोशाख हा त्या गणिताशी केलेला खेळ आहे हेही दिसू लागते.

स्वभाव कोणाच्या हातातून आला

रेखाटलेल्या पात्राचा स्वभाव एका माणसाच्या डोक्यातून येत नाही. रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर या दिग्दर्शकांनी पटकथा लिहिली. एरियल साकारण्याची मुख्य जबाबदारी ग्लेन कीन आणि मार्क हेन या ॲनिमेटरांवर होती. कीन यांची ख्याती तोवर अस्वलासारख्या धिप्पाड व दांडग्या पात्रांसाठी होती आणि त्यांच्याकडे सुरुवातीला चेटकीण अर्सुला सोपवण्याचा विचार होता, पण जोडी बेन्सन यांच्या आवाजातील एरियलचे मुख्य गाणे ऐकून त्यांनी एरियलच मागून घेतली. शेरी स्टोनर या अभिनेत्रीने प्रसंग प्रत्यक्ष करून दाखवले, पाण्याच्या टाकीत उतरूनही दाखवले, आणि त्या चित्रीकरणावरून चित्रकारांनी हालचाली अभ्यासल्या.

तरीही एरियलच्या स्वभावाची खरी चावी गीतकार हॉवर्ड ॲशमन यांच्याकडे होती, असे मला वाटते. ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आले होते आणि तिथल्या संगीतिकांचा एक नेम त्यांनी डिस्नेत आणला: नाटक सुरू झाल्यावर लवकरच नायिकेने एक गाणे म्हणायचे आणि आपल्याला आयुष्यात काय हवे आहे हे प्रेक्षकांना सांगायचे. याला ‘इच्छागीत’ म्हणू. एरियलचे इच्छागीत तिच्या गुहेत घडते. बुडालेल्या जहाजांतून गोळा केलेले काटे, मेणबत्त्या, पुस्तके आणि चित्रे यांनी ती गुहा भरलेली आहे. त्या गाण्यात ती म्हणते की माणसे चालतात, नाचतात, प्रश्न विचारतात आणि त्यांना उत्तरे मिळतात, तिथे मला जायचे आहे. संगीतकार ॲलन मेंकेन यांची ती चाल सावकाश आहे. एका चाचणी खेळात लहान मुले या गाण्याच्या वेळी चुळबुळ करू लागली, म्हणून स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग ते कापायला निघाले होते. ॲशमन, कीन आणि दिग्दर्शक यांनी विरोध केला आणि गाणे वाचले.

हे गाणे कापले गेले असते तर एरियल खरोखरच केवळ राजपुत्रावर भाळलेली मुलगी ठरली असती. कारण गाणे संपते तोवर तिने त्या राजपुत्राला, म्हणजे एरिकला, पाहिलेलेच नसते. स्वभावाच्या वादात हा क्रम निर्णायक आहे, आणि तिच्यावर टीका करणारे त्याचा उल्लेख क्वचितच करतात.

कोणता कपडा कोणी दिला

आता पोशाखांकडे वळू. सुरुवातीला एरियलच्या अंगावर जे आहे तेच तिच्या बहिणींच्या अंगावरही आहे: शिंपले आणि शेपटी, फक्त रंग निराळे. पण तिच्या सहाही थोरल्या बहिणींच्या केसांत काही ना काही दागिना आहे आणि एरियलच्या केसांत काहीच नाही. दरबारातील गाण्याच्या सोहळ्यात ती यायचे विसरते, कारण त्या वेळी ती एका बुडालेल्या जहाजात काटा आणि चिलीम गोळा करत असते. सोहळ्याला विसरणारी मुलगी दागिना विसरणारच. अँडरसनच्या नायिकेला जो मुकुट काढून टाकायचा होता पण धीर झाला नाही, तो या मुलीने घातलेलाच नाही.

पाय मिळाल्यावर तिचा पहिला पोशाख म्हणजे किनाऱ्यावर सापडलेले शिडाचे कापड, कमरेला दोरीने बांधलेले. माणसासारखे व्हायचे तर माणसासारखा पोशाख हवा, अशी शिकवण देऊन स्कटल हा समुद्रपक्षी तिला ते नेसवतो. पुढे राजवाड्यातील धुणी धुणाऱ्या बायका त्या चिंध्यांवरून नाके मुरडतात. पण एरियलच्या दृष्टीने पाहिले तर हा तिच्या संग्रहातलाच आणखी एक नग आहे. बुडालेल्या जहाजांतील वस्तू जमवणारी मुलगी जमिनीवर आली आणि जहाजाचेच कापड अंगावर घेऊन अभिमानाने उभी राहिली. माझ्या मते हा चित्रपटातील सर्वांत बोलका पोशाख आहे, आणि खेळण्यांच्या दुकानांत सर्वांत कमी दिसणारा.

त्यानंतर तो बहुचर्चित गुलाबी झगा. फुगलेल्या बाह्यांचा हा भरजरी पोशाख राजवाड्याने दिलेला आहे. त्याच्याविरुद्धची तक्रार जुनी आहे: लाल केसांवर गुलाबी रंग ओरडतो. तक्रार खरी आहे. हिरव्या शेपटीने त्या केसांना जो उठाव दिला होता तो इथे नाहीसा होतो आणि दोन जवळचे रंग एकमेकांशी भांडू लागतात. पण प्रसंग आठवून पाहावा. ती जेवणाच्या मेजावर बसली आहे, काट्याने केस विंचरते आहे, समोरच्या ग्रिम्सबी नावाच्या सभ्य गृहस्थाची चिलीम फुंकून त्याच्या तोंडावर काजळी उडवते आहे. त्या खोलीतील प्रत्येक वस्तूचा उपयोग तिला चुकीचा शिकवला गेला आहे. इथे तिच्या अंगावर शोभून दिसणारा पोशाख असता, तर ती इथे सहज सामावली असे डोळ्यांना वाटले असते. चित्रकारांनी नेमका हाच हेतू ठेवला होता असा दावा मी करणार नाही, पण पडद्यावरचा परिणाम हाच आहे.

दुसऱ्या दिवशीचा निळा पोशाख, गडद चोळी, फिकट घेर आणि केसांत मोठा निळा बो, हाही राजवाड्याचाच. फरक इतका की या वेळी रंगांचे गणित जुळते, आणि तिला भिंतींबाहेर काढले जाते. ती बाजारात हिंडते, कठपुतळ्यांच्या खेळात डोके घालते, चौकात नाचते आणि मग एरिककडून घोडागाडीचे लगाम घेऊन गाडी बेफाम पळवत दरीवरून उडवते. पोशाखांच्या चर्चेत या निळ्या पोशाखाला इतके चाहते का, याचे कारण शिवणकामात शोधण्यात अर्थ नाही. या कपड्यांत ती सर्वाधिक वेळ काहीतरी करते, ही त्यामागची साधी गोष्ट आहे. अँडरसनच्या कथेत घोडेस्वारीसाठी मुलाचा पोशाख शिवावा लागला होता, इथे घेरदार झग्यातच लगाम हाती येतात.

यानंतर जो दागिना येतो तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो, कारण तो एरियलच्या अंगावर नाही. अर्सुला सुंदर तरुणीचे रूप घेऊन किनाऱ्यावर येते तेव्हा तिच्या गळ्यात एक शंख असतो आणि त्या शंखात एरियलचा आवाज कोंडलेला असतो. चित्रपटभर पोशाख एरियलला दिले जात होते, आणि इथे तिच्या स्वभावाचा सर्वांत मोठा भागच दुसरीचा अलंकार झाला आहे. एरिक ज्या मुलीच्या आवाजाने मोहित झाला होता तिच्याऐवजी तो तिच्या दागिन्याशी लग्न करायला निघतो. कथेतील हा तुकडा अँडरसनमध्ये नाही, आणि मूळ कथेत केलेल्या फेरफारांपैकी हा मला सर्वांत हुशारीचा वाटतो.

शेवटी चमचमता झगा. समुद्राचा राजा असलेला तिचा बाप ट्रायटन आपल्या त्रिशूळाने लेकीला पाय देतो आणि ती लाटांतून फिकट, झळाळत्या वस्त्रात बाहेर येते. बाहुल्यांच्या पेट्यांवर झळकणारा हा झगा पडद्यावर काही क्षणच दिसतो. तो बापाने दिलेला आहे. ज्या बापाने संतापून तिची गुहा, म्हणजे तिने स्वतः जमवलेला सगळा संसार, भस्म केली होती, त्याच बापाच्या त्याच शस्त्रातून तो आला आहे. लग्नाच्या पांढऱ्या झग्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. १९८१ साली डायना यांच्या विवाहातील फुगीर बाह्यांनी पुढे दशकभर वधूवेशांवर राज्य केले, त्याचाच तो प्रतिध्वनी आहे.

‘पण तिने एका पुरुषासाठी आवाज दिला, हे तर खरे ना?’

हा आक्षेप सर्वांत प्रबळ आहे. अभिनेत्री कीरा नाइटली यांनी २०१८ साली एका मुलाखतीत सांगितले होते की गाणी उत्तम असली तरी पुरुषासाठी आवाज गमावणाऱ्या नायिकेमुळे आपण हा चित्रपट मुलीला दाखवत नाही. पुष्कळ आईबापांना हेच वाटते, आणि त्यांचे वाटणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

उत्तराचा पहिला भाग घटनाक्रमाचा आहे. एरियल अर्सुलाकडे जाते ती गुहा उद्ध्वस्त झाल्यानंतर, रडत असताना. त्या क्षणी तिच्यापुढे प्रेम आणि घर असा सरळ पर्याय नाही. घरातील तिची एकमेव स्वतःची जागा नुकतीच राख झाली आहे. तिला माणसांचे जग पूर्वीपासून हवे होते, एरिकमुळे त्या जगाला चेहरा मिळाला, आणि बापाच्या रागामुळे परत फिरण्याची वाट बंद झाली. तीन दिवसांत खऱ्या प्रेमाचे चुंबन मिळाले नाही तर अर्सुलाची गुलामी, हा करार अर्थातच भयंकर आहे, आणि सोळा वर्षांची मुलगी मान वळवून त्यावर सही करते. तिचा हा निर्णय शहाणपणाचा आहे असे चित्रपट कुठेही म्हणत नाही.

दुसरा भाग असा की आवाज द्यायला हरकत नाही, हे मत चित्रपटात मांडते कोण? अर्सुला. जमिनीवरच्या पुरुषांना बडबड्या बायका आवडत नाहीत, गप्प राहणारीलाच नवरा मिळतो, देहबोलीने काम भागते, हा सगळा युक्तिवाद खलनायिकेच्या तोंडी आहे आणि कथा तो खोटा पाडते. एरिक दोन दिवस त्या मुक्या मुलीच्या सहवासात रमतो, तरीही ज्या आवाजाने त्याला वाचवले त्याचाच शोध घेत राहतो. आवाज नसल्यामुळेच घात होतो.

तरीही आक्षेपाचा काही अंश उरतो. तिची सुटका करण्यासाठी शेवटचा घाव एरिक घालतो. एरियल अर्सुलाचे केस ओढून तिचा नेम चुकवते, पण जहाजाचे टोक अर्सुलाच्या देहात घुसते तेव्हा सुकाणू एरिकच्या हाती असते. जिचा स्वभाव इतका धडपडा रंगवला तिला शेवटी भोवऱ्याच्या तळाशी अडकवून ठेवणे, हा पटकथेचा कच्चा दुवा आहे, आणि तो मान्य करायला एरियलच्या चाहत्यांनी कचरू नये.

बोलतात कोण, याचा हिशेब

कार्मेन फॉट आणि कॅरन आयझनहॉवर या भाषाशास्त्रज्ञांनी डिस्नेच्या राजकन्यांच्या चित्रपटांतील संवाद मोजले. २०१६ साली त्यांच्या कामाची बरीच चर्चा झाली. या चित्रपटातील ६८ टक्के बोलणे पुरुष पात्रांच्या वाट्याला येते, असे त्यांना आढळले. १९३७ सालच्या डिस्नेच्या पहिल्या राजकन्यापटात हे प्रमाण जवळजवळ निम्मे निम्मे होते. म्हणजे नायिका धीट झाली, पण तिच्याभोवतीचे बोलणारे मित्र, नोकर, खेकडे आणि पक्षी बहुतेक सगळे पुरुष झाले.

नायिकेचा आवाज काढून घेतला की हे प्रमाण वाढणारच, असे यावर कोणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे. पण मित्र मासा फ्लाउंडर, खेकडा सेबॅस्टियन, स्कटल, ग्रिम्सबी यांपैकी एकही पात्र स्त्री का नाही, याचे उत्तर करारातील अटींत सापडत नाही. २०२३ च्या चित्रपटात स्कटल ही मादी केली आणि एरिकला आई दिली, तो याच जाणिवेचा परिणाम दिसतो.

मग नव्या एरियलवर एवढा गहजब का?

लाल केस आणि गोरी त्वचा हीच खरी एरियल, असे म्हणणाऱ्यांचा एक गट होता. त्यांच्यापैकी काहींचा राग निव्वळ वर्णद्वेषी होता आणि त्याला उत्तर देत बसण्याचे कारण नाही. पण बालपणी मनात ठसलेले रूप बदलले म्हणून हळहळणारेही होते, आणि त्यांच्यासाठी वर सांगितलेले रंगांचे गणित उपयोगी पडेल. लाल केस हा १९८९ साली हिरव्या शेपटीला उठाव देण्यासाठी आणि आधीच्या सोनेरी केसांच्या मत्स्यकन्येपासून वेगळेपणा दाखवण्यासाठी केलेला निर्णय होता. अँडरसनच्या कथेत या लाल केसांचा पत्ताच नाही.

प्रत्यक्ष नटनट्या आणि संगणक यांच्या साहाय्याने केलेल्या नव्या चित्रपटात अडचणीच बदलतात. आता शेपटीवर हजारो खवले दाखवता येतात, त्यांवर इंद्रधनुषी झाक देता येते, आणि शिंपल्यांऐवजी शेपटीचेच खवले वर चढत जाऊन चोळीसारखे दिसू शकतात. सोळा वर्षांच्या मुलीच्या अंगावर दोन शिंपले, ही पालकांची जुनी कुरबुरही त्यामुळे आपोआप मिटली. हॅली बेली यांच्या स्वतःच्या जटांसारख्या वेण्या कायम ठेवून त्यांत तांबूस छटा आणली गेली. जमिनीवरचे कपडे वेशभूषाकार कॉलीन ॲटवूड यांनी केले आणि कथा कॅरिबियन वळणाच्या बेटावर नेली. सेबॅस्टियनची बोली आणि त्याच्या गाण्याचा ठेका १९८९ सालीही कॅरिबियनच होता, त्यामुळे युरोपीय राजवाडा आणि कॅरिबियन संगीत हे जुन्या चित्रपटातील विजोड जोडपे इथे निदान एका जागी आले.

स्वभावातही बदल झाले. चुंबनाची अटच एरियल मंत्रामुळे विसरते, म्हणजे तिची जमिनीवरची प्रत्येक कृती तिच्या स्वतःच्या कुतूहलातून घडते. गाण्यांतील काही ओळी बदलल्या, आणि गप्प राहण्याचा उपदेश करणारे अर्सुलाचे कडवे गाळले गेले. यांतील पहिला बदल मला पटतो, दुसरा नाही. खलनायिकेचा खोटा युक्तिवाद ऐकल्याशिवाय तो खोटा असल्याचे मुलांना कळणार कसे?

दुकानातील एरियल कोणती?

२००० च्या सुमारास डिस्नेने आपल्या निरनिराळ्या चित्रपटांतील नायिकांना ‘राजकन्या’ या एकाच छत्राखाली विकायला सुरुवात केली. एका रांगेत उभ्या राहायच्या तर सगळ्यांना झगा हवा, आणि चकाकीही हवी. मत्स्यकन्येची पंचाईत अशी की तिचा सर्वांत ओळखीचा पोशाख म्हणजे शेपटी, आणि शेपटी लावून चालता येत नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानांत वाढदिवसासाठी मिळणारे मत्स्यकन्येचे फ्रॉक पाहिले तर ही अडचण कशी सोडवली आहे ते दिसते: वर जांभळा भाग, खाली हिरवा घेर, आणि पाय मोकळे. शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत मुलीला रंगमंचापर्यंत चालत जायचे असते, हे शिवणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

बाहुल्यांच्या बाबतीत मात्र निवड वेगळी झाली. शिडाच्या कापडात दोरी बांधून उभी असलेली एरियल विकली जाणार नाही, आणि काही क्षण दिसणारा बापाचा चमचमता झगा विकला जाईल, हा हिशेब व्यापाऱ्याच्या बाजूने बिनचूक आहे. पण त्यामुळे झाले असे की ज्यांनी चित्रपट कमी आणि खेळणी जास्त पाहिली, त्यांना एरियल म्हणजे झगमगत्या वस्त्रातील लाजरी नववधू वाटते, आणि ज्यांनी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला, त्यांना ती काट्याने केस विंचरणारी वांड मुलगी वाटते. तिच्या स्वभावावर वाद घालणारे दोन पक्ष पुष्कळदा दोन वेगळ्या एरियलबद्दल बोलत असतात.

‘चित्रकारांनी खरेच एवढा विचार केला असेल का?’

काही गोष्टींचा निश्चित केला होता. केसांचा रंग, शेपटीची छटा, पाण्यातील हालचाल, इच्छागीताची जागा यांमागची कारणे त्या लोकांनी स्वतः सांगितलेली आहेत. कोणता पोशाख कोणी दिला, या साखळीचा विचार कोणी बसून केला असेलच असे नाही. ती कथेच्या ओघात तयार झाली असेल. पण ती पडद्यावर आहे, आणि कोणालाही तपासून पाहता येते. शिडाचे कापड पक्ष्याने दिले, गुलाबी आणि निळा झगा राजवाड्याने दिला, चमचमता झगा बापाने दिला. तिने स्वतः जमवलेल्या वस्तू गुहेत होत्या, आणि त्यांत अंगावर घालायचे कपडे नव्हते. काटे होते, पुस्तके होती, आरसे होते. स्वतःला काय हवे ते निवडण्याची संधी या मुलीला मिळाली तेव्हा तिने कपडे निवडले नाहीत, ही गोष्ट तिच्या पोशाखांवर तासन्‌तास भांडणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आलो, जरा ध्यानात ठेवायला हवी. गुलाबी झगा तिला शोभत नाही, हे मात्र मी अजूनही मागे घेणार नाही.